करमाडच्या गिरणीतला सर्व्हर

आमच्या तिघांपैकी कुणी नुसतं "दळण" एवढा शब्द उच्चारला तरी पुढचा अर्धा तास गेला समजायचं. एका किस्स्याचं शेपूट धरून दुसरा येतो, दुसऱ्याचं धरून तिसरा, आणि मोईनच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं. परवा एक बाई मोबाईलची काच बदलायला आल्या होत्या. काच बाजूला राहिली, त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मग? पुढं काय झालं?" तेव्हा म्हटलं, आता हे लिहूनच काढावं.

आधी माणसं सांगते. मोईनचं क्रांती चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात टोमणा, दोन्ही कायम तयार. संतोष जाधव करमाडचा. शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि घरासमोरच वडिलांची पिठाची गिरणी. त्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. तिसरी मी, वर्षा. सॉफ्टवेअर कंपनीत परदेशातल्या लोकांचे सर्व्हर सांभाळते आणि उरलेल्या वेळात आमचा.

आमचा म्हणजे गेमचा. तिघांनाही कॉलेजपासून तो ठोकळ्यांचा नाद. दगड फोडायचे, माती उकरायची, घरं बांधायची, शेती करायची. खेळायचं ज्यानं त्यानं आपापल्या मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर, पण सगळ्यांना एकाच दुनियेत यायचं तर कुठंतरी एक कॉम्प्युटर कायम चालू लागतो, तो सर्व्हर. त्याच्यावर लक्ष ठेवायला एक पॅनल असतं, म्हणजे मोबाईलवरही उघडणारं बटणांचं पान. हे सगळं मी एका कंटेनरमध्ये बसवलं. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरचा बंद डबा, लागणारं सगळं सामान आतच. डबा जुना झाला की फेकायचा आणि नवा आणायचा. अट एकच: आपला माल बाहेरच्या फोल्डरला जोडून ठेवायचा, नाहीतर डब्याबरोबर मालही जातो. हे मी संतोषला इतक्या वेळा सांगितलंय की तो झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. म्हणून दाखवेल, करणार नाही!

सर्व्हर ठेवायचा कुठं, हा प्रश्न होता. माझ्या आईला त्याच्या पंख्याचा आवाज चालेना. "घरात कुणीतरी सारखे सुस्कारे टाकतंय असं वाटतं," म्हणाली. मोईनच्या दुकानात माणसाला उभं राहायला जागा नाही. करमाडला गिरणीसाठी थ्री-फेज लाईन होती आणि नेटही जोरात. मोईननं जुन्या सुट्या भागांतून एक कॉम्प्युटर जोडला, आणि तो बसला गिरणीत, दळणाच्या डब्यांच्या रांगेत.

आता पल्लवी. फुलंब्रीच्या पाटलांची मुलगी, तिथल्याच पतसंस्थेत कामाला. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीनं आमच्या दुनियेत आली. तिथं संतोषनं आपलं करमाडचं वावर हुबेहूब उभं केलं होतं: बांध, विहीर, लिंबाचं झाड, सगळं. पल्लवीनं शेजारी घर बांधायला घेतलं. पहिलं भांडण झालं ते तिच्या कोंबड्या त्याच्या गव्हात शिरल्या म्हणून. मग कोंबड्या रोजच शिरायला लागल्या. पुढं दोघांचं ठरलं की लग्न करायचं तर एकमेकांशीच, आणि संतोषच्या मामांना मध्यस्थ घालून रीतसर स्थळ म्हणून बोलणी सुरू झाली.

अडचण होती पल्लवीच्या वडिलांची. त्यांना सगळं फुलंब्री तात्या म्हणतं. एक इंजिनियर आणि एक बँकवाला, अशी दोन स्थळं त्यांनी चहासुद्धा न देता परत पाठवली होती. बोलणं एवढंच: "वावर बघितल्याबिगर पोरगी देत नसतो." इकडं आप्पांनी बजावून ठेवलेलं: "हे जमलं नाय ना, तर ह्ये डबडं भंगारवाल्याला देतो! गेम खेळणाऱ्याला कोण पोरगी देईल?" म्हणजे संतोषची बायको आणि आमचा सर्व्हर, दोन्ही एकाच माणसाच्या मानेच्या हलण्यावर अवलंबून. ती मान काही हलत नव्हती.

•

सुरुवातीला आमचा शत्रू होता दळण. गिरणीची मोटर सुरू होताना लाईट दबायची आणि सर्व्हर बसायचा. आम्ही खोल खाणीत, हातात मशाल, समोर राक्षस, आणि तिकडं करमाडला कुणाची तरी ज्वारी आली की सगळं काळं! मोईन कळवळून म्हणायचा, "मरने का तो मरेंगे रे, मगर ज्वारी के हाथ से?"

मग ठरलं की मोटर सुरू करायच्या आधी आप्पांनी ग्रुपवर सांगायचं. आप्पांनी ते फारच मनावर घेतलं. रोज त्यांचा आवाज यायचा, मागं पट्ट्याची फडफड: "गाडेकरांची बाजरी हाय. आटपा." लग्नसराईत तर खेळण्यापेक्षा आटपण्यातच वेळ जायचा.

आमचा एक मित्र पुण्याहून खेळतो. तो एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, समोर परदेशी पाहुणे. त्याचा अंगठा चुकून मेसेजवर पडला आणि सगळ्या खोलीत आप्पा घुमले: "हरभऱ्याची डाळ हाय! लई हाय! पळा समदे!" पाहुणे दचकले. मॅनेजरनं विचारलं, "इज एव्हरीथिंग ओके?" तो म्हणाला, "येस सर. बेसन."

नंतर मोईननं यूपीएस बसवला आणि दळणाचा त्रास संपला. आप्पांचे मेसेज मात्र अजून येतात. बंद करा म्हणायची कुणाची छाती नाही.

•

एकदा सर्व्हर तापून बंदच पडला. मोईनला मोटरसायकलवर घालून करमाडला नेलं. त्यानं झाकण काढलं, आत बघितलं. मग म्हणाला, "संत्या, तवा रख. दो भाकरी का माल है इसमें."

पंख्याच्या पात्यांना पीठ, कोपऱ्याकोपऱ्यात पीठ, आणि मेमरीच्या पट्टीवर धान्यातला एक पोरकिडा ऐटीत बसलेला. आप्पा डोकावले. चिमटीत पीठ घेतलं, बोटांवर चोळलं आणि उसळलेच: "ज्वारीचं हाय! आन् ती वरल्या आळीची म्हातारी चार गावांत सांगत फिरती, जाधव पीठ कमी भरतो म्हणून!"

संतोषच्या आई, माई, यांनी त्यावर उपाय केला. जुन्या साडीचं कव्हर शिवलं. इतकं नेटकं की हवा शिरायला फट नाही. सर्व्हर अजूनच तापला. मग पंख्यापुरतं भोक पाडलं, आणि भोक बरं दिसेना म्हणून त्याला गोल काठ लावला. आमच्या सर्व्हरला जरीचे काठ आहेत!

•

दसऱ्याच्या दिवशी मी ऑफिसात होते. आमच्या गिऱ्हाइकांच्या देशात दसरा नसतो. दुपारी मोबाईलवर इशारा आला: सर्व्हर बंद. त्या दिवशी नेमके बाहेरगावचे पण सगळे खेळायला जमणार होते. संतोष फोन उचलेना, म्हणून माईंना लावला.

"माई, सर्व्हर बंद दिसतोय."

"बंद नाय गं, पुजलाय. गिरणी पुजली, वखर पुजला, संतोषची गाडी पुजली. मग ह्यानंच काय घोडं मारलंय?"

"पुजा हो, पण बंद कशाला केला?"

"पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नसत्यात. आज त्याला सुट्टी."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माईंनी विचारलं, "तुझ्या मागं कसला गलका गं? दसऱ्याचं कामावर हायेस?"

"हो माई."

मग माई हळूच म्हणाल्या, "अगं, डबड्याला सुट्टी हाय, आन् तुला नाय?"

मी जेवणाचा डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली आणि परदेशी लोकांचे सर्व्हर सांभाळत बसले. दुसऱ्या दिवशी आमचा सर्व्हर सुरू होता होईना. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात, आणि बटणावर कुंकू असं बसलेलं की बटण आतल्या आत रुतलं होतं. मोईन कापसानं पुसत म्हणाला, "एक दिन छुट्टी क्या मिली, इसकू आदतच लग गई."

•

पॅनलमध्ये कुणी काय करायचं याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वर मालक, मग ॲडमिन, खाली साधा युजर. गिरणी झाडायच्या आधी सर्व्हर नीट बंद करता यावा म्हणून आप्पांनाही एक खातं काढून द्यायचं ठरलं. मी संतोषला सांगितलं, आप्पांना साधा युजर ठेव, एक बटण पुरे.

संतोषचा चेहराच उतरला. "वर्षे, आप्पांच्या वर मी? त्यांच्याच गिरणीत बसून?"

आणि त्या शहाण्यानं वयाप्रमाणं अधिकार वाटले! आप्पा मालक. माई ॲडमिन, त्यांचा मोबाईल साधा, बटणांचा, तरीही. मग संतोष. जिनं हे सगळं बसवलं ती मी वयानं सगळ्यात लहान, म्हणून साधी युजर. कंपनीत परदेशी सर्व्हरच्या किल्ल्या माझ्या हातात, आणि करमाडच्या गिरणीत काही करायचं तर आप्पांना फोन!

आप्पांना दोन बटणं आवडली. एक लाल, एक हिरवं. लाल म्हणजे बंद. त्याचा उपयोग त्यांनी संतोषला जेवायला बोलावण्यासाठी सुरू केला. आमचा नदीवरचा पूल जुळत आलेला, शेवटचा ठोकळा हातात, आणि पडद्यावर अक्षरं: सर्व्हर बंद होत आहे. पाठोपाठ ग्रुपवर आप्पा: "पिठलं निवतंय."

हिरवं म्हणजे बॅकअप, सगळ्या दुनियेची एक प्रत काढून ठेवायची. ते आप्पा रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दाबायचे. एवढ्या प्रती साठल्या की कॉम्प्युटरची जागा संपली. मी जरा चिडूनच विचारलं, "आप्पा, रोज कशाला दाबता हो?"

"गोल फिरतं, मग बरोबरची खूण येती. बरं वाटतं जिवाला."

"पण एकदा दाबलंय ना काल?"

"कुलूप लावल्यावर तू वढून बघत नाय का?"

रोज ओढून बघते. त्यामुळं वाद संपला. मोईनच्या दुकानातली एक जुनी हार्ड डिस्क आणली, बाहेरून जोडली आणि आप्पांच्या प्रती तिच्यात जातील अशी सोय केली.

•

रविवारी तात्या घर आणि वावर बघायला येणार, असा मामांकडून निरोप आला आणि संतोषला साफसफाईचा झटका आला. त्यानं गिरणी धुतली, गाडी धुतली, गोठ्याला रंग दिला. मग त्याची नजर पॅनलवर गेली. नवी आवृत्ती आली होती. एक व्हिडिओ बघत बघत पठ्ठ्यानं जुना कंटेनर फेकला आणि नवा चढवला. मला न विचारता!

सकाळी सकाळी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "वर्षे, पॅनल मला विचारतंय, तुम्ही कोण?"

मी पॅनल उघडलं. कोरं करकरीत पान: स्वागत आहे, पहिला युजर तयार करा.

"संतोष, माल बाहेरच्या फोल्डरला जोडला होतास ना?"

पलीकडून नुसती माऊसची टिकटिक.

"संतोष?"

"पाठ तर हाय मला ते," तो म्हणाला.

सगळं गेलं होतं. वावर, विहीर, लिंबाचं झाड, पल्लवीचं घर, कोंबड्या. त्या क्षणी मला त्याचा राग यायला हवा होता, पण तो इतका रडवेला झाला होता की मलाच भरून आलं. "ह्यो अपशकुन हाय," म्हणत होता. "तात्या खरं वावर बघायला यायलेत, आन् ह्ये वावर माझ्या हातानंच गेलं. पल्लवीला काय तोंड दाखवू?"

पल्लवीला सांगायची तर सोयच नव्हती. सकाळचा तिचा मोबाईल तात्यांकडं असतो, ते हवामान बघत बसतात. तोवर काहीतरी करायला हवं होतं. तेव्हा मला मोईनची हार्ड डिस्क आठवली. ती डब्याच्या बाहेर होती. उघडली, तर आत आप्पांच्या प्रती, रांगेनं, अगदी आदल्या संध्याकाळपर्यंतच्या!

दुपारपर्यंत दुनिया जागेवर आली. एक कोंबडी कमी भरली असं पल्लवी अजून म्हणते, पण ते सोडा. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, संतोषकडं बघितलं आणि म्हणाले, "आता तू कायच दाबायचं नाय."

त्या दिवसापासून संतोषही साधा युजर आहे. माझ्या शेजारी, एकाच पायरीवर.

•

परत आलेली दुनिया तपासायला संतोष आपल्या वावरात गेला आणि तिथून त्यानं मला असा फोन केला की मला वाटलं, खऱ्या गिरणीला आग लागली.

"बांध कोरलाय!"

जाऊन बघितलं. खरंच, बांध एक ठोकळा आत सरकवलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखा. शिवाय पिकलेला गहू कुणीतरी कापून पेटीत भरलेला आणि नवा पेरलेला. मी नोंदी काढल्या. 'किसान' नावाचा कुणी रोज पहाटे यायचा, एक शब्द न बोलता तासभर काम करायचा आणि जायचा. कुणाचा कोण, कुणाला माहीत नाही. आमच्याकडं आत यायला फक्त पत्ता लागतो, आणि तो ज्यानं त्यानं आपल्या भावाबहिणींना दिलेला.

मी म्हटलं, "अरे, गहू पेटीतच ठेवतोय की. फुकटचा गडी मिळालाय तुला."

"गव्हाचं सोड! बांधाचं काय?"

मोईननं मला बाजूला घेतलं. "वर्षा, तू नक्को बोलू. बांध का मामला है."

त्याचं खरं होतं. जाधवांचा चुलत्यांशी खऱ्या बांधावरून आज्ज्याच्या काळापासून अबोला आहे. करमाडचा माणूस एक वेळ शिवी पोटात घालील, कोरलेला बांध घालणार नाही, मग तो ठोकळ्यांचा का असेना. संतोषनं लगोलग वावरात लाकडाची पाटी ठोकली: "दुसऱ्याच्या वावरात पाय टाकशील तर तंगडं मोडीन. संतोष जाधव, करमाड." आणि त्या किसानला हद्दपार करायचं ठरवलं.

पण हद्दपार करायचा अधिकार मालकाचा! दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाटीसमोरून फिरून गेल्याची नोंद दिसली, तेव्हा आम्ही तिघं गेलो गिरणीत. आप्पा नेहमीप्रमाणं करवादले, "परवा पाहुणे यायलेत, आन् तुमचं गेमच चाललंय का?"

संतोष म्हणाला, "आप्पा, एकानं बांध सरकवलाय."

आप्पांनी चालू दळण थांबवलं. खरंच थांबवलं, मोटर बंद केली. "कुणी? किती?"

"एक ठोकळा. पुऱ्या लांबीचा."

"आण तो मोबाईल हिकडं!" आप्पांनी पिठाचं बोट धोतराला पुसलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते बटण असं दाबलं की काच फुटते की काय असं मोईनला वाटलं. 'किसान'ला कायमची बंदी. "भोग म्हणावं आता," आप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी चहा त्यांनीच पाजला.

•

रविवारी मी आणि मोईन सकाळीच करमाडला गेलो. माईंच्या हाताखाली मी, आणि सर्व्हर लपवायला मोईन. तात्यांच्या नजरेला गेमबिम काही पडता कामा नये, असा आप्पांचा हुकूम होता. बंद करा म्हटलं तर संतोष म्हणाला, "नगं, पल्लवी गेमात बसलीय. घाबरलीय ती, तिला तेवढाच आधार हाय." म्हणून वर साडीचं कव्हर, त्यावर रिकामे पिठाचे डबे, आणि पुढं मोईन उभा. पंखा घरघरला की त्यानं खोकायचं.

तात्या आले. उंच, सुकी अंगकाठी, पांढरी टोपी, आणि बोलणं जपून वापरायचं सामान असल्यासारखं. खाटेवर बसले. आप्पांनी पावसाचं काढलं, तात्या "हं" म्हणाले. मामांनी बाजारभावाचं काढलं, तात्या "हं" म्हणाले. पंखा घरघरला. मोईन खोकला. पुन्हा घरघरला, मोईन पुन्हा खोकला. तात्यांनी त्याच्याकडं बघून पहिलं पूर्ण वाक्य टाकलं, "ह्यांला कायतरी औषध द्या."

चहा झाल्यावर सगळे वावरात. संतोष पुढं. तात्यांनी विहिरीत डोकावलं. लिंबाच्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग बांधाकडं गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडं बघत होतो.

"ह्यो बांध चुकलाय," ते म्हणाले.

आप्पांच्या मानेची शीर टरारून फुगली. दुसरा कुणी असता तर तिथंच पंचायत बसली असती. पण समोर होणारे व्याही! मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा ते बांधाच्या विषयावर गप्प बसले.

"उतार तिकडं हाय. पाणी पळून जातं. हातभर आत घ्यावा लागंल," तात्या म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

संतोष माझ्या कानाशी आला. "संपलं, वर्षे. बांधच नाय आवडला त्यांना." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याचा हात धरला आणि त्याला गिरणीकडं ओढलं.

परत गिरणीत आलो. माईंनी पोहे दिले. तात्यांनी ते सावकाश, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवले. बशी खाली ठेवली. संतोषचा मोबाईल खिशात थरथरत होता, पल्लवी असणार, पण काढायची हिंमत नव्हती. डब्यांच्या मागं पंखा मोठ्यानं घरघरायला लागला, आणि मोईन खोकायचंच विसरला.

शेवटी मामांनी घसा साफ केला. "मग पाटील? काय असंल ते मोकळं बोला. पोरगं कसं वाटलं?"

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. साडीच्या काठातून दिसणाऱ्या त्या हिरव्या दिव्याकडं त्यांनी जरा वेळ बघितलं. मग आप्पांकडं वळले.

"पोरीचं बोलू सावकाश. आधी ती तंगडं मोडायची पाटी काढा, आन् मला परत आत घ्या. गहू काढणीला आलाय."